पंपाला स्मार्ट स्विच: खर्च कुठे करावा, कुठे थांबावा

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय की खालच्या टाकीतून वर पाणी चढवणारा 1 एचपीचा पंप आहे, वरची टाकी भरल्यावर रोज पंधराएक मिनिटं पाणी वाहून जातं आणि दोन वर्षांत मोटर एकदा जळाली. आता एक स्मार्ट स्विच पंपापाशी, दुसरा स्वयंपाकघरात बसवून दोन्ही लिंक करायचे आहेत. खर्च दोन रिवाइंडिंगइतका (जळालेल्या मोटरमधली तार नव्याने गुंडाळून घेण्याच्या खर्चाच्या दुप्पट) येतोय, तो हप्त्यावर घ्यावा का?

हप्त्यावर नको. आणि आहे त्या कोटेशनवर रोखीनेही नको.

विजेचा हिशेब आधी उरकू. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, पण मीटरमधून अशी मोटर साधारण 1.1 किलोवॅट ओढते. रोजची पंधरा मिनिटं वाचली तर वर्षाला सुमारे 100 युनिट. स्विचही चोवीस तास जागे असतात. प्रत्येकी एक वॅट धरला तरी दोन्ही मिळून वर्षाला 17-18 युनिट खातील. उरलेल्या 82 ला तुमच्या बिलातल्या दराने गुणा. येणारा आकडा फार उत्साह वाढवणारा नसेल.

खरा पैसा मोटरमध्ये अडकलाय. ती जळाली कशाने, हे पत्रात नाही. खालची टाकी रिकामी असताना कोरडी चालून जळाली असेल, तर नुसत्या स्मार्ट स्विचने धोका वाढेल. कोरड्या पंपाचा आवाज शेजारी उभ्या माणसाला कळतो, मोबाइलवरून चालू करणाऱ्याला नाही.

कोटेशनमध्ये दोन स्विच आणि मजुरी एवढंच आहे, कॉन्टॅक्टर (मोटरचा जड करंट चालू-बंद करणारा दणकट स्विच) कुठेच नाही. स्विचवर 16 अँपिअर लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा गीझरसारख्या लोडसाठी. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सातपट करंट घेते. ते झटके रोज खाऊन रिलेचे (स्मार्ट स्विचच्या आतल्या छोट्या विजेच्या स्विचचे) पॉइंट चिकटू शकतात. मग अ‍ॅप 'बंद' दाखवतं आणि पंप मात्र चालूच. म्हणून स्मार्ट स्विचने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल (त्याला ओढून चालू करणारं छोटं वेटोळं) चालवावी, मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा. सोबत मोटरच्या पाटीवरच्या करंटला सेट केलेला ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर तोडणारा) आणि दोन्ही टाक्यांत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीनुसार चालू-बंद होणारा). फ्लोट कॉइलच्याच वायरमध्ये घ्यायचे, म्हणजे वायफाय झोपलं तरी वरची टाकी भरली किंवा खालची आटली की पंप थांबणारच.

हे सगळं एका रिवाइंडिंगच्या खर्चात बसत असेल तर डोळे झाकून करा, पण बचतीतून.

स्वयंपाकघरातला दुसरा स्विच ही निव्वळ सोय. त्याला लोड नसतो, तो पहिल्याला फक्त निरोप देतो. पंपापासून तिथवर पाइपमधून वायर ओढता येत असेल तर साधं स्टार्ट-स्टॉप पुशबटण पुरतं. भिंत फोडावी लागणार असेल तरच वायरलेस लिंकिंगला पैसे मोजा. तेव्हाही त्या स्विचबोर्डात न्यूट्रल (स्विचला स्वतःला वीज मिळायला लागणारी दुसरी वायर) आहे का आणि इंटरनेट नसताना लिंक चालते का, हे आधी विचारा. (माझ्याकडे असाच जोडलेला जिन्यातला दिवा आहे. राउटर बंद पडला की एक स्विच चालू म्हणतो, दुसरा बंद. दिव्याचं चालतं, पंपाचं नाही.)

स्मार्ट स्विच बसवलाच तर 'वीज परत आल्यावर बंदच राहा' ही सेटिंग आणि अर्ध्या तासाचा ऑटो-ऑफ त्याच दिवशी लावून घ्या. इलेक्ट्रिशियनकडून कॉन्टॅक्टर आणि फ्लोटसह नवं कोटेशन मागवा, दुसऱ्या स्विचचा खर्च त्यात वेगळ्या ओळीत लिहायला सांगा. ती ओळ पुढच्या वर्षावर ढकलता येते.