निर्वासित कुटुंबांतली पोरं गावच्या पोरांत मिसळावी म्हणून खेळ, गॅदरिंग यांचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण कसं खेळवता त्यावर आहे सगळं. तुम्ही लिहिलंय की नवीन आलेली पोरं मधल्या सुट्टीत वेगळी बसतात, म्हणून त्यांची एक टीम करून गावच्या पोरांसोबत कबड्डीची मॅच ठेवायची आहे. तेवढं नका करू. काहून ते सांगतो.

मी गडचिरोलीतल्या चामोर्शी तालुक्यातला, आता झेडपीत मास्तर आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबं सरकारनं 1960 नंतर आमच्याकडे वसवली, गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हताच, तो 1982 ला झाला, त्याआधी सगळं चंद्रपूर. त्या पोरांची चौथीपर्यंतची शाळा बंगालीतून आणि पाचवीला एकदम आमच्या मराठी वर्गात. एका टाटपट्टीवर ते, दुसऱ्यावर आम्ही. आणि आमच्या तेव्हाच्या गुरुजींनी हेच केलं जे तुम्ही करताय, कॅम्प (त्यांच्या वस्तीला आम्ही कॅम्प म्हणायचो) विरुद्ध गाव, कबड्डी.

त्यांच्या एका पोट्ट्यानं चढाई केली, दोघांना शिवून परत आला आणि आमचा पंच म्हणे आऊट, दम घेतलाच नाही. त्यानं घेतला होता, फक्त तो "हाडुडू हाडुडू" म्हणत होता. बंगालमध्ये या खेळाला हाडुडू म्हणतात, बांगलादेशचा तर तो राष्ट्रीय खेळ आहे, म्हणजे तो पोरगा आमच्याहून जास्त तयारीचा होता आणि आम्ही त्याला कबड्डी शिकवायला निघालो होतो. मंग भांडण, एकाची कॉलर फाटली, संध्याकाळी दोन्हीकडचे बाप शाळेत. महिनाभर कोणी कोणाशी बोललं नाही.

पुढच्या वर्षी दुसरे सर आले, त्यांनी हजेरी नंबरवरून सम आणि विषम अशा टीमा पाडल्या आणि कबड्डी बाजूला ठेवून खो-खो लावला. मला त्याचं डोकं आता मास्तर झाल्यावर कळते. आठ जण एका ओळीत बसतात, एकाचं तोंड इकडे तर एकाचं तिकडे, मागून येणाऱ्यानं पाठीला हात लावून "खो" म्हणायचं, बस. भाषा लागते एका अक्षराची. पण पाठीला हात लावल्याशिवाय खेळ पुढे जात नाही, आणि आमच्यात तर पाण्याच्या ग्लासावरून कुरकुर चालायची. आठ दिवसात ते कुठल्याकुठे गेलं, कारण खो उशिरा दिला तर दोन्हीकडचे पोट्टे मिळून शिव्या द्यायचे, मराठीत पण आणि बंगालीत पण. शिव्या सगळ्यात आधी शिकलो आम्ही, खोटं काहून बोलू.

गॅदरिंगचं पण तेच. "आता आपले बंगाली मित्र त्यांचा नाच सादर करतील" हे करू नका, लोक टाळ्या वाजवतात आणि ते पोरं पुन्हा पाहुणेच राहतात. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, म्हणजे गावची जत्रा, तिच्यात रात्रभर झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या भागातलं नाटक, आणि त्यांच्याकडेही रात्रभर चालणारं जात्रा नावाचं बंगाली लोकनाट्य, म्हणजे झोप मोडून नाटक पाहायचं वेड दोघांना सारखंच. सरांनी एकच नाटक बसवलं, राजा तिकडचा, प्रधान इकडचा. राजाचं मराठी ऐकून लोक हसले, पण हसले ते आपल्या पोराला हसतात तसे.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मॅचनं सुटली नसती. जानेवारीत आम्ही धुऱ्यावरची बोरं खिसाभर आणायचो आणि ते पोरं हातच लावायचे नाहीत. आम्ही समजायचो, आमच्या हातचं खात नाहीत. "काहून बे, बाटशील का?" असं मी स्वतः एकाला म्हटलंय. खरं कारण असं की त्यांच्यात सरस्वतीपूजा होईपर्यंत विद्यार्थ्यांनी बोर खायचं नाही, खाल्लं तर परीक्षेत नापास. वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं माझा अख्खा खिसा रिकामा केला. तेव्हा असं काही अडलं की चिडण्याआधी विचारा, आणि पोरांनाही विचारायला लावा.

बाकी खेळानं सगळं होते असं नाही. यातली बरीच कुटुंबं नमःशूद्र जातीची. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्रात नाहीत, त्यामुळे माझ्यासोबत पळणाऱ्याला जातीच्या दाखल्यासाठी जे फिरावं लागलं ते मला नाही लागलं. त्याला खो-खो काय करणार.

आणि हो, प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर ठेवू नका, शेवटच्या तासाला घ्या. वस्ती लांब असते, अंधार पडला की आईबाप पोरींना थांबू देत नाहीत. आमच्या वेळी तालुक्याच्या स्पर्धेला कॅम्पची एकही पोरगी आली नाही, आणि त्यांच्यातली एक तर आमच्या कोणाच्याच हाती लागायची नाही एवढी पळायची.