दीड महिन्याच्या बाळावर लसीची चाचणी कशासाठी?

प्रश्न : माझी नात येत्या आठवड्यात दीड महिन्याची होईल. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब, हिब (मेंदुज्वर व न्यूमोनिया करणारा एक जंतू) आणि पोलिओ या सहांवर मिळून एकच टोचणी असलेल्या नव्या लसीच्या चाचणीत तिला घ्यावे का, असे इथल्या एका रुग्णालयात सुनेला विचारले. या सगळ्या लसी मुलांना पूर्वीपासून दिल्या जातात, मग पुन्हा चाचणी कशाला, आणि तीही ठणठणीत बाळावर?
– एक आजी, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : आजी, वेगवेगळ्या दिल्यावर सुरक्षित ठरलेल्या लसी एकत्र केल्यावरही तशाच वागतील, असे गृहीत धरता येत नाही. गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या यांची एकत्र लस अमेरिकेत वापरात आल्यावर असे दिसले, की एक ते दोन वर्षांच्या मुलांना पहिला डोस या रूपात दिला, तर कांजिण्यांची लस वेगळी टोचण्याच्या तुलनेत सुमारे २३०० ते २६०० मुलांमागे एका मुलाला तापातली आकडी जास्त येते. म्हणूनच नव्या मिश्रणाची तुलना जुन्या, मान्यताप्राप्त लसींशी करावी लागते.

लस निरोगी बाळालाच द्यायची असते, त्यामुळे तिची पारखही अखेर त्याच वयाच्या निरोगी बाळांत व्हावी लागते. आजारी बाळाला ताप आला, तर तो लसीचा की आजाराचा हे कळणार नाही. मात्र निरोगी बाळाला आजारातून सुटका हा लाभ मिळत नसल्याने त्याच्यासाठी पत्करायची जोखीम अगदी थोडी असली पाहिजे, आणि याबाबत मी तडजोड मान्य करणार नाही. मोठ्या माणसांवरील आणि मोठ्या मुलांवरील अनुभव आधी पाहिला गेला आहे का, तसेच तुलनेच्या गटातील बाळांनाही मान्य लसी वेळेवर मिळणार आहेत का, हे सुनेने स्पष्ट विचारावे. उत्तर टाळले गेले, तर नकार द्यावा.

चाचणीत ताप, टोचल्या जागी सूज, किरकिर, दूध कमी पिणे यांची रोजची नोंद पालकांकडून घेतली जाते, आणि बाळाला रुग्णालयात ठेवावे लागले तर ती घटना गंभीर म्हणून कळवावी लागते. तरीही ३०० बाळांत एखादा दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो शंभरात एकाइतका असण्याची शक्यता उरतेच. म्हणून विरळ धोके शोधण्यासाठी लस बाजारात आल्यावरही लक्ष ठेवावे लागते. ‘काहीच धोका नाही’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

संमतिपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, त्याची प्रत ठेवा, आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा व इजा झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार हे त्यात लिहिलेले आहे ना, ते पाहा. सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते. नकार दिला, तर सरकारी दवाखान्यात सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पोलिओ सोडून वरच्या पाचांवरची एकत्र लस) व पोलिओच्या लसी मोफत मिळतातच. घरात निर्णय होत नसेल, तर त्यापायी नातीचा दीड महिन्याचा डोस मात्र लांबवू नका.