मुंबई ते ऑकलंड: किलोमीटर नको, तास मोज

तुझा मेसेज वाचून हसूच आलं. 'मावशी, मुंबई-ऑकलंड १२,३०० किलोमीटर दिसतंय. विमान ताशी ९०० ने जातं, म्हणजे चौदा तासांत पोचू ना?' गणित बरोबर आहे रे, पण तसं विमानच नाही. थेट फ्लाइट नसल्यामुळे मध्ये कुठेतरी बदलावंच लागतं.

सिंगापूर जवळजवळ वाटेवरच आहे. मुंबई-सिंगापूर ३,९००, पुढे ऑकलंड ८,४००, म्हणजे वाट फारशी वाकडी होत नाही. पहिला टप्पा साडेपाच तासांचा, दुसरा दहाच्या आसपास. दुबईमार्गे तिकीट कधीकधी स्वस्त दिसतं, पण आधी १,९०० किलोमीटर उलटं जायचं आणि मग सलग १४,२०० किलोमीटर, सोळा तास. आपले डोंबिवलीकर लोकलमध्ये बसायला जागा मिळावी म्हणून कल्याणला उलटे जातात, तसाच प्रकार. त्यांना निदान खिडकी मिळते! तीन वर्षांच्या पोरीला घेऊन सोळा तास एका खुर्चीत? मी तरी नाही करणार.

मधला हॉल्ट किमान तीन तासांचा धर. त्यात तुमचं डोंबिवली ते विमानतळाचं टी-टू (टर्मिनल २), तीन तास आधी पोचणं, हे मिळवलंस की दाराला कुलूप लावल्यापासून चोवीस-पंचवीस तास होतात. जानेवारीत येताय तर इथलं घड्याळ साडेसात तास पुढे असेल. एप्रिल ते सप्टेंबर तेच साडेसहा. शनिवारी रात्री निघालात तर तुमचा रविवार हवेतच गेला. जॉइनिंग सोमवारचं घेऊ नकोस. परतीला वारा समोरून असतो, त्यामुळे पाऊण-एक तास जास्त लागतो.

आणि तिकीट एकाच पीएनआरवर काढ. पहिल्या वेळी आम्ही पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली होती. बॅगा सिंगापूरला ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करायच्या, म्हणजे इमिग्रेशनच्या बाहेर पडणं आलं, आणि त्यासाठी सिंगापूरचा व्हिसा. तो नव्हता. मुंबईच्या काउंटरवरच अडवलं. तुझे काका घामाघूम, मी बॅगेवर बसून. शेवटी त्या रात्री घरी परत. एकाच तिकिटावर बॅगा थेट ऑकलंडला जातात आणि ट्रान्झिटमधून बाहेर पडायचं नसेल तर व्हिसा लागत नाही. सिडनी-मेलबर्नमार्गे यायचं ठरवलंस तर ट्रान्झिट व्हिसाचं आधी बघ.

उतरल्यावरचा तासही धर. खाण्याचं जे काही आणाल ते फॉर्मवर लिहा. लपवलं आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मध आणूच नका. मी मेतकूट लिहिलं होतं, तर तपासणाऱ्या बाईने डबा उघडून वास घेतला, 'हे काय?' म्हणाली. भाजलेल्या डाळी-तांदळाचं पीठ, भातावर घेतात, एवढं सांगितल्यावर झाकण लावून परत दिलं. आईला सांग, डब्यावर नाव इंग्रजीत लिहून चिकटव.

तारीख ठरली की कळव. घ्यायला येते.