बँकेची जुनी दगडी इमारत रिकामी झाली, तर तिचं संग्रहालयच करावं का?

तुमचा प्रश्न असा: तालुक्याच्या गावातली बँकेची जुनी दगडी इमारत शाखा हलल्यामुळे रिकामी होतेय, ती पाडू नये असं गावाला वाटतं, पण संग्रहालयापलीकडे कुणाला काही सुचत नाही, मग तिथे काय करावं आणि तिच्यातलं नेमकं काय जपावं? माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं मुंबईच्या फोर्टमधल्या जुन्या इमारतींत. त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

सगळ्यांत आधी जपायला हवा तो आतला हॉल. लोक दर्शनी भिंत वाचवतात आणि समाधान मानतात. पण बँकेच्या इमारतीचा जीव त्या उंच छताच्या, मोकळ्या, वरच्या झरोक्यांतून उजेड येणाऱ्या हॉलमध्ये असतो. ठेवीदाराला आत पाऊल टाकताच भरवसा वाटावा म्हणून तो तसा बांधलेला असतो. शिवाय गावातल्या भारदस्त वास्तूंपैकी ही अशी, की जिथे पेन्शनला आलेली आजी आणि पीककर्जाला आलेला शेतकरी दोघंही हक्काने जाऊन उभे राहिले. नवा मालक आला की पहिलं काम होतं ते मधे पोटमाळा टाकण्याचं आणि एसीसाठी फॉल्स सीलिंग लावण्याचं. मग बाहेरून वारसा आणि आतून गाळे, एवढंच उरतं.

छत गेलं की काय होतं ते कोलकात्यात पाहायला मिळतं. डलहौसी चौकातली, म्हणजे आजच्या बीबीडी बागेतली करन्सी बिल्डिंग मूळची आग्रा बँकेची. 1868मध्ये तिथे सरकारी चलनाचं कार्यालय आलं. 1935 साली रिझर्व्ह बँक सुरू झाली तेव्हा तिचं मध्यवर्ती कार्यालय कोलकात्यातच होतं, ते 1937मध्ये मुंबईला आलं. त्या सुरुवातीच्या काळात याच इमारतीतून काम चाले. आणि 1990च्या दशकात सरकारी बांधकाम खात्यानेच ती पाडायला घेतली. इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि कोलकाता महापालिका मधे पडेपर्यंत मधल्या हॉलवरचे घुमट गेलेले होते. पुढे पुरातत्त्व खात्याने उरलेली इमारत सावरली आणि जानेवारी 2020मध्ये ती बंगालच्या कलेच्या मोठ्या प्रदर्शनासह लोकांसाठी उघडली. घुमटांच्या जागी आज उघडं अंगण आहे. काम चांगलं झालंय, पण गेलेला हॉल परत आला नाही. ते प्रदर्शनही पुढे बंद झालं. म्हणूनच ‘संग्रहालय करू’ या उत्तराने माझं समाधान होत नाही. त्याला रोजचा माणूस लागतो, रोजचा खर्च लागतो, आणि उद्घाटनानंतर या दोन्हींची जबाबदारी कोण घेणार हे बहुधा ठरलेलंच नसतं.

लंडनमध्ये मिडलंड बँकेचं मुख्यालय एडविन लट्यन्स यांनी उभारलं, नवी दिल्ली आखणारे तेच. काम 1924मध्ये सुरू झालं. 2017मध्ये तिथे ‘द नेड’ नावाचं हॉटेल उघडलं. हॉलमधले हिरव्या दगडाचे खांब आणि लाकडी काउंटर जागच्या जागी ठेवून मधे रेस्तराँ मांडली. तळघरातल्या तिजोरीत बार केला, भिंतीवर 3,000हून अधिक जुने लॉकर तसेच ठेवून. महागडं हॉटेल आपल्या गावाच्या कामाचं नाही, पण जागेचं माप न बिघडवता नवा वापर बसवण्याची पद्धत मात्र जरूर घ्यावी.

शांघायचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगतो. तिथली हाँगकाँग अँड शांघाय बँकेची 1923ची इमारत 1950च्या दशकात नगर सरकारकडे गेली आणि प्रवेशघुमटातली मोझेक चित्रं झाकून टाकण्यात आली. 1997च्या सुमारास दुसऱ्या एका बँकेने इमारत घेऊन दुरुस्ती काढली, तेव्हा ती चित्रं पुन्हा उजेडात आली. आठ शहरांच्या त्या चित्रांत आपलं कोलकाताही आहे. तुमच्या इमारतीतही रंगाचे थर खरवडण्याआधी आणि फॉल्स सीलिंग उतरवताना जाणत्या माणसाला उभं करा.

आता स्ट्राँग रूम. सगळ्यांना वाटतं, दप्तरखान्यासाठी याहून चांगली जागा नाही. जाड भिंती, भक्कम जमीन, वजन कितीही ठेवा. पण तिथे हवा खेळत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात बंद खोलीतल्या कागदांना बुरशी धरते. हवेची सोय केल्याशिवाय एक कागद आत ठेवू नका. दार एकच असतं, त्यामुळे गर्दीचा कार्यक्रमही तिथे नको. अग्निसुरक्षेसाठी दुसरं दार काढायचं तर भिंतीतलं लोखंड तोडावं लागतं आणि अख्ख्या इमारतीला हादरे बसतात. चार-पाच माणसांनी एका वेळी पाहावी अशी खोली ठेवा. दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागल्याशिवाय ते दार उघडत नसे, ही गोष्ट मुलांना तिथेच सांगा. आणि दाराचे बोल्ट कायमचे निकामी करा, कुणी आत अडकायला नको.

हॉलमध्ये काय करावं? मला विचाराल तर वाचनालय आणि अभ्यासिका. काउंटर जिथे आहे तिथेच पुस्तकांची देवघेव होईल, मोकळ्या जागेत टेबलं मांडता येतील, संध्याकाळी गाण्याची बैठक किंवा व्याख्यान होईल. एक बाजू बचत गटांच्या विक्रीला देऊन महिन्याचा खर्च काढता येईल. आणि बँकेलाच छोटी शाखा तिथे ठेवायला राजी करता आलं तर फारच उत्तम. चेन्नईच्या राजाजी सालईवरच्या बँक ऑफ मद्रासच्या जुन्या लाल इमारतीत आजही स्टेट बँक चालते. मूळ काम चालू असलं की इमारतीची देखभाल आपसूक होते.

दुरुस्तीत दगडांच्या दरजा, म्हणजे दोन दगडांमधले सांधे, सिमेंटने भरू देऊ नका. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं. चुन्याचाच मसाला वापरणारा गवंडी शोधा.

इमारत पालिकेच्या वारसा यादीत आहे का, हे लगेच पाहा. मुंबईत 1995पासून अशा इमारतींना श्रेण्या आहेत आणि पाडण्यावर बंधन असल्याने मालकाला टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्काच्या, रूपाने भरपाई मिळू शकते. तुमच्याकडे तशी यादी नसेल तर पालिकेकडे लेखी मागणी करा. पण त्याहीआधी, बँकेने चाव्या परत देण्यापूर्वी, आतल्या सागवानी काउंटरची, घड्याळाची, पितळी जाळ्यांची आणि तिजोरीच्या दाराची फोटोंसह यादी करून ती हस्तांतराच्या कागदात घाला. शाखा हलते त्या आठवड्यातच भंगारवाल्याचा टेम्पो दारात येतो, आणि काउंटर सगळ्यांत आधी जातो.