सीएएस प्लेट (सिडेरोफोर तपासायची निळी आगर प्लेट) निळ्याची नारिंगी झाली, म्हणजे बुरशी सिडेरोफोर, म्हणजे लोह पकडून आणणारे रेणू, सोडतेच असं समजायचं का?

नाही, एवढ्यावर ठाम म्हणता येणार नाही. निळा रंग क्रोम अझुरोल एस (सीएएस) या रंगद्रव्याने लोह धरून ठेवल्यामुळे असतो. ते लोह कुणीही ओढून घेतलं की नारिंगी वलय उमटतं. सिडेरोफोर ते करतात, पण ॲस्परजिलस नायजरसारख्या बुरशीचं सायट्रिक आणि ऑक्झॅलिक आम्लही करतं. म्हणून बुरशीशिवायची एक प्लेट सोबत ठेवा आणि वलयाचा पीएच तपासा. माध्यम साधारण 6.8 ला असतं, तिथे तो बराच उतरला असेल तर आधी आम्लावर संशय घ्या. मग लोहाविना वाढवलेल्या कल्चरचा गाळ काढून 1 मिली द्रवात 2 टक्के फेरिक क्लोराइड 1 मिली घाला. तांबूस-नारिंगी रंग आला, 420 ते 450 नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचं शिखर दिसलं, तर बुरशीत नेहमी आढळणारा हायड्रॉक्झमेट प्रकारचा सिडेरोफोर असण्याची शक्यता खूप वाढते. काचसामान मात्र आम्लाने धुतलेलंच हवं. लोहाचा अंश राहिला तर बुरशी सिडेरोफोर कमी बनवते किंवा बनवतच नाही.

उलट बाजूही आहे: प्लेटमधलं एचडीटीएमए हे डिटर्जंट बऱ्याच बुरशींना विषारी ठरतं, त्यामुळे वाढच झाली नाही तर निकाल ‘नाही’ असा लिहू नका. अर्धी प्लेट साध्या माल्ट आगरची आणि अर्धी निळ्या सीएएस माध्यमाची ओता, बुरशी माल्टच्या बाजूला लावा आणि रंग सीमेपलीकडे निळ्या भागात किती सरकतो ते रोज मोजा.