छापचित्र नेमके कोणाचे?

प्रश्न : एलिझाबेथ कीथ या स्कॉटिश चित्रकर्तीचे सोल शहराचे पूर्वद्वार चांदण्यात दाखवणारे १९२० सालचे छापचित्र पाहण्यात आले. त्याचे लाकडी ठसे कोरण्याचे आणि छपाईचे काम जपानी कारागिरांनी केले होते असे समजते. मग ते चित्र कीथ यांचे कसे म्हणता येईल?

उत्तर : ते कीथ यांचेच म्हणावे लागेल. होकुसाई आणि हिरोशिगे या जपानी चित्रकारांची जगप्रसिद्ध निसर्गचित्रेही याच पद्धतीने तयार झाली. चित्रकाराने पातळ कागदावर केलेले रेखाटन कोरणारा कारागीर चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून कोरून काढी, छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरून प्रती काढी आणि प्रकाशक या सगळ्यांना एकत्र आणी. होकुसाई आणि हिरोशिगे यांना जो न्याय आपण सहज लावतो, तो एका परदेशी स्त्रीला नाकारणे मला उचित वाटत नाही. १९१५ साली जपानला गेलेल्या कीथ पुढे कोरियात राहून जलरंगात चित्रे काढत होत्या. ती तोक्योतील प्रदर्शनात पाहून वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने त्यांना छापचित्रांकडे वळवले.

तरीही आपली शंका अगदीच निराधार नाही. जपानी छापचित्रांतील रात्रीचे आकाश गडद निळ्यापासून हळूहळू फिकट होत जाते, ते एकट्या ठशाच्या बळावर साधत नाही. छापणारा ओलसर ठशावर रंग पसरून ब्रशने तो एका कडेकडे विरळ करत नेतो, वर दमट कागद ठेवतो आणि बांबूच्या पानाने मढवलेल्या चपट्या चकतीने पाठीमागून घासतो. हे प्रत्येक प्रतीसाठी पुन्हा नव्याने करावे लागते. असा हात कमवायला वर्षे लागतात, म्हणून चित्राच्या माहितीत कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव ठाऊक असेल तेथे ते द्यायलाच हवे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

सर्व कामे एकाच हाताने केलेली पाहायची असतील, तर लिलियन मिलर यांची नंतरची छापचित्रे अवश्य पाहावीत. तोक्योत १८९५ साली जन्मलेल्या या अमेरिकन चित्रकर्तीने आरंभी कारागिरांची मदत घेतली, पण पुढे ठसे कोरणे आणि छापणे ही दोन्ही कामे स्वतःकडे घेतली.