झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं अभ्यासासाठी कशी काढायची?

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या उतारावर जांभळाची काढलीत म्हणून सांगतो, कुठंही खड्डा मारून मुळं उचलू नका, शेजारच्या घाणेरीची कधी आली कळत पण नाही. खोडापासनं एक जाड मूळ धरायचं अन् खुरप्यानं, शेवटी तर बोटांनीच माती सैल करत टोकापर्यंत जायचं, बरीचशी वरच्या १०-२० सेंमीतच सापडतात. २ मिमी जाडीच्या आतलं सगळं शोषणारं हा जुना हिशोब, आता फाट्यांच्या क्रमानं बघतात: टोकाचं बिनफाट्याचं मूळ म्हणजे पहिला क्रम, दोन पहिली मिळाली की दुसरा, तिथनं मागं साधारण तिसऱ्या क्रमापर्यंतचं घ्या. ओढायचं नाही हां, टोकं तुटली की काम गेलं! मातीसकट पिशवीत, पिशवी बर्फाच्या डब्यात, मग बारीक चाळणीवर हळू धुवायचं. पावसाळा सरताना जा, मे महिन्यात आमचा मुरूम कुदळीलाबी दाद देत नाही.